‘प्रीती करणे’ : एका ख्रिस्ती आज्ञेचे व्याकरण आणि आचरण

१. प्रश्नाचे स्वरूप

प्रेमाची आज्ञा देता येते काय, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे तितकाच व्याकरणाचाही आहे. ख्रिस्ती नीतिविचाराचा पाया म्हणून शुभवर्तमानांत ज्या दोन वचनांचा निर्देश येतो, त्यांपैकी पहिले देवावरील प्रीतीसंबंधी व दुसरे शेजाऱ्यावरील प्रीतीसंबंधी आहे. ही दोन्ही वचने सल्ल्याच्या किंवा आशीर्वादाच्या स्वरूपाची नसून सरळ आज्ञेच्या स्वरूपाची आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचा निरोप घेताना एकमेकांवर प्रीती करण्याविषयी जे सांगतो, त्यालाही तेथे आज्ञा हेच नाव दिलेले आहे. उलटपक्षी भावना माणसाच्या स्वाधीन नसते, ती आपोआप उद्भवते व आपोआप ओसरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जी गोष्ट स्वाधीन नाही तिची आज्ञा करण्यात अर्थ काय, ही शंका त्यामुळे स्वाभाविकपणे उपस्थित होते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात ह्या शंकेचे एक प्रसिद्ध उत्तर कांटने १७८५ साली दिले. ओढीतून निर्माण होणारे प्रेम आणि कर्तव्यबुद्धीने केलेले दुसऱ्याचे हित ह्यांत त्याने भेद केला, व ह्यांतील दुसऱ्याचीच आज्ञा करता येते असे प्रतिपादन केले. मराठी भाषेच्या अभ्यासकाला मात्र ह्या भेदासाठी तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापर्यंत जावे लागत नाही. तो भेद मराठीच्या वाक्यरचनेतच उपस्थित आहे. मराठी बायबलाच्या भाषेने त्या भेदाचा कसा उपयोग करून घेतला, आणि ‘प्रीती करणे’ ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ मराठी ख्रिस्ती समाजाला कोणत्या व्यवहारांतून शिकावा लागला, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. भावनेची दोन वाक्ये

मराठीत भावना सांगणारी वाक्ये सामान्यतः दोन साच्यांत बसतात. पहिल्या साच्यात भावनावाचक नाम प्रथमेत असते, आणि ज्याच्या मनात ती भावना उद्भवते तो माणूस चतुर्थीत किंवा षष्ठीत येतो: ‘मला राग आला’, ‘तिला दया आली’, ‘त्याला भीती वाटते’, ‘नातवाला आजीचा लळा लागला’, ‘तिचा भाच्यावर जीव जडला’. अशा वाक्यांत माणूस काही करीत नाही. त्याच्या ठिकाणी काही घडते. दुसऱ्या साच्यात माणूस कर्ता होतो, भावनावाचक नाम कर्माच्या जागी जाते आणि क्रियापद सकर्मक असते: ‘दया करणे’, ‘राग धरणे’, ‘भीती बाळगणे’, ‘लोभ ठेवणे’, ‘जीव लावणे’. एकच नाम दोन्ही साच्यांत वावरू शकते, हे ‘जीव जडणे’ आणि ‘जीव लावणे’ ह्या जोडीवरून स्पष्ट होईल. जीव जडतो तो न सांगता. जीव लावावा लागतो.

ह्या दोन साच्यांतील भेद आज्ञार्थाच्या कसोटीवर उघड होतो. ‘दया कर’, ‘जीव लाव’, ‘लाज बाळग’ ही वाक्ये शुद्ध आहेत. ‘तुला दया ये’ किंवा ‘तुला लाज वाट’ असे कोणीही मराठी भाषक बोलणार नाही. फार तर ‘तुला दया येवो’ असे म्हणता येईल. पण ती आज्ञा नव्हे, इच्छा होय. जुन्या पत्रलेखनातील ‘लोभ असावा’ हा मायना ह्याच दृष्टीने बोलका आहे. पत्र लिहिणारा लोभाची आज्ञा करीत नाही. ‘असणे’ ह्या स्थितिवाचक धातूचे विध्यर्थी रूप वापरून तो विनंती करतो व दुसऱ्याचे मन दुसऱ्याच्याच स्वाधीन ठेवतो. तात्पर्य, अनुभवाच्या साच्यातील भावना इच्छिता येते, मागता येते, पण आज्ञापिता येत नाही. आज्ञा करावयाची तर भावनेला कृतीच्या साच्यात आणावे लागते.

‘प्रेम’ आणि ‘प्रीती’ हे दोन्ही शब्द दोन्ही साच्यांत आढळतात. ‘प्रेम वाटते’, ‘प्रेम आहे’, ‘प्रेम करतो’ हे सर्व प्रयोग रूढ आहेत. तसेच ‘प्रीती जडली’ आणि ‘प्रीती केली’ हेही. परंतु अलीकडच्या मराठीत ‘प्रेम करणे’ ह्या प्रयोगाचा कल स्त्रीपुरुषांच्या प्रणयाकडे अधिकाधिक झुकला आहे, व ‘प्रेमात पडणे’ ह्या इंग्रजीवरून आलेल्या वाक्प्रचाराने प्रेम म्हणजे अपघाताने घडणारी घटना ही कल्पना अधिकच दृढ केली आहे. पडणे ही शिकण्याची गोष्ट नव्हे. अशा भाषिक परिस्थितीत शेजाऱ्यावर प्रेम करण्यास शिका, असे म्हटले तर ऐकणाऱ्याला ते काहीसे विचित्र वाटते. हे विचित्र वाटणे विषयाचे नसून रूढ झालेल्या साच्याचे आहे.

३. मूळ भाषांची साक्ष

शेजाऱ्यासंबंधीची आज्ञा मूळची लेवीय ह्या हिब्रू ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आहे. तेथील वाक्यरचनेत एक लक्षणीय विशेष आढळतो. ज्याच्यावर प्रेम करावयाचे तो ‘शेजारी’ ह्या वाक्यात थेट कर्म म्हणून येत नाही. त्याच्यामागे ‘ल’ हे चतुर्थीच्या अर्थाचे शब्दयोगी अव्यय लागते. त्यामुळे ह्या वाक्याचा रोख मनातील ओढीपेक्षा दुसऱ्याचे हित करण्याकडे आहे, असा अर्थ काही भाष्यकारांनी लावलेला आहे. त्याच अध्यायात पुढे परक्या देशातून येऊन राहिलेल्या माणसाविषयीही हीच आज्ञा ह्याच रचनेत दिलेली आहे, ही गोष्ट शेजारी ह्या शब्दाच्या चर्चेत पुढे उपयोगी पडेल.

नव्या करारातील ग्रीक भाषेत ह्या अर्थी ‘अगापे’ हे नाम व ‘अगापाओ’ हा धातू येतो. ह्या शब्दाभोवती ख्रिस्ती प्रवचनांत बराच गौरव जमा झालेला असून, ‘अगापे’ म्हणजे निव्वळ दैवी व निःस्वार्थ प्रेम अशी व्याख्या वारंवार केली जाते. भाषाशास्त्रज्ञाने येथे सावध राहणे आवश्यक आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दावीदपुत्र अम्नोन ह्याच्या तामारेविषयीच्या विनाशकारी आसक्तीलाही हाच धातू वापरलेला आहे. जेम्स बार ह्या अभ्यासकाने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बायबलच्या अर्थविचारातील ह्या पद्धतीवर कठोर टीका केली. धर्मविचार सुट्या शब्दाच्या पोटात साठविलेला नसतो. तो वाक्यांतून व प्रतिपादनातून व्यक्त होतो, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. ‘अगापे’ श्रेष्ठ आणि इतर शब्द कनिष्ठ, असे कोष्टक मांडून प्रश्न सुटत नाही.

शब्दाऐवजी वाक्याकडे पाहिले म्हणजे अधिक भरीव पुरावा हाती येतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय प्रीतीचे वर्णन म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातील चौथ्या ते सातव्या ओळींत ग्रीकमध्ये प्रीतीला एकही विशेषण लावलेले नाही. तेथे पंधरा क्रियापदे आहेत. त्यांपैकी आठ नकारार्थी व सात होकारार्थी. प्रीती कशी असते हे पौल सांगत नाही. ती काय करते आणि काय करीत नाही हे तो सांगतो. नकारार्थी क्रियापदांपैकी एक तर जमाखर्चाच्या व्यवहारातील आहे: प्रीती झालेल्या अपकाराची नोंद वहीत मांडून ठेवीत नाही, असा त्याचा भाव आहे. मराठीत ज्याला उणीदुणी काढणे म्हणतात, त्याच्या नेमके उलट असे हे वर्तन होय. ग्रीकमधील पहिली दोन क्रियापदे मराठीत आणताना त्यांना विशेषणांचे रूप द्यावे लागले, कारण त्या अर्थाचे सुटसुटीत धातू मराठीत नाहीत. परिणामी मराठी वाचकाला तो उतारा गुणांच्या यादीसारखा भासतो. मूळात ती कृतींची यादी आहे.

४. मराठीने केलेली निवड

मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले. विल्यम केरी ह्याच्या देखरेखीखाली वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने तयार झालेला नवा करार बंगालमधील सेरामपूर येथे १८११ साली छापला गेला. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांनी केलेला नवा करार १८२६ साली बाहेर पडला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगाव येथील मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांवरून सर्व बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशी साधी भाषा हे त्यांचे उद्दिष्ट होते. १९२२ साली त्यांचे निधन झाले; त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात ह्या आज्ञेसाठी ‘प्रीती करणे’ हा प्रयोग स्थिरावलेला आहे. प्रीतीचा विषय असलेला माणूस ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय घेऊन येतो. ‘प्रीती’ आणि ‘प्रेम’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘प्री’ ह्या एकाच धातूपासून झालेले आहेत. तृप्त करणे, संतुष्ट करणे हा त्या धातूचा अर्थ. गॉथिक भाषेतील प्रेमवाचक क्रियापद आणि इंग्रजीतील ‘फ्रेंड’ हा शब्द ह्याच भारत-युरोपीय मूळाचे वंशज आहेत. मराठी श्रोत्याच्या कानावर मात्र ‘प्रीती’ हा शब्द निराळ्याच वाटेने आलेला होता. पूजेच्या संकल्पात ‘परमेश्वरप्रीत्यर्थ’ असा उच्चार होतो, तेव्हा प्रीती म्हणजे देवाचा संतोष असतो. माणसाने तो आपल्या कर्माने संपादावयाचा असतो. ‘प्रेम’ हा शब्द तर वारकरी संप्रदायाने भक्ताच्या देवाविषयीच्या ओढीसाठी आपलासा केलेला होता. दोन्ही शब्दांची दिशा प्राधान्याने देवाकडे होती. चर्चमधील मराठीने ‘प्रीती’ला शेजाऱ्याच्या दाराशी आणून उभे केले, हा ह्या निवडीतील खरा अर्थबदल होय.

शेजारच्या भाषांशी तुलना केली असता ‘करणे’चे महत्त्व अधिक लक्षात येते. कोकणीतील ख्रिस्ती भाषेतही ‘मोग करप’ असाच कृतिवाचक प्रयोग आहे. उर्दू बायबलमध्ये मात्र ‘मुहब्बत रखना’ असा प्रयोग येतो. वली आणि सिराज ह्या दख्खनी कवींमुळे औरंगाबादच्या भाषेत ‘इश्क’ ह्या शब्दाला मोठी प्रतिष्ठा लाभली होती. परंतु उर्दू भाषांतराने तो बाजूला ठेवून ‘मुहब्बत’ हा शब्द घेतला आणि त्याला ‘रखना’ची जोड दिली. ‘रखना’त टिकवून धरण्याचा भाव आहे, तर ‘करणे’त प्रत्येक वेळी नव्याने कृती करण्याचा. एक भाषा प्रीतीला ठेव समजते. दुसरी तिला काम समजते. आज छत्रपती संभाजीनगर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या द्वैभाषिक शहरात हे दोन्ही प्रयोग एकमेकांच्या शेजारी नांदत आलेले आहेत.

५. शेजारी कोण?

आज्ञेतील क्रियापद असे सिद्ध झाले, तरी तिच्यातील नामाचा प्रश्न राहतोच. ग्रीकमध्ये शेजाऱ्यासाठी जो शब्द आहे त्याचा वाच्यार्थ ‘जवळचा’ एवढाच आहे. मराठीतील ‘शेजारी’ हा शब्द अधिक ठोस आहे. तो घरांच्या भिंतींवरून ठरतो, आणि घरे कोठे बांधावयाची हे महाराष्ट्रातील खेड्यात जातीवरून ठरत आलेले आहे. गावकुसाच्या आत आळ्या, आणि महारवाडा व मांगवाडा गावकुसाबाहेर, अशी ही रचना होती. अशा गावात शेजारी म्हणजे बहुधा आपल्याच जातीचा, निदान आपल्या बरोबरीचा माणूस. अडीअडचणीला धावणे, विरजण देणेघेणे, लग्नकार्यात हातभार लावणे हा जो ‘शेजारधर्म’ मराठी माणूस आपुलकीने सांगतो, तो ह्याच कक्षेत पाळला जात असे. १९३०च्या नव्हे, तर अगदी २०२० साली महाराष्ट्र शासनाला वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घ्यावा लागला, ह्यावरून ह्या रचनेची चिवट मुळे ध्यानी येतील.

म्हणजेच मराठीत ही आज्ञा उच्चारली की तिचे क्रियापद कृतीला प्रवृत्त करते, पण तिचे नाम ती कृती आपल्या आळीपुरती मर्यादित करू शकते. लूकाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्याचा दृष्टान्त नेमक्या ह्याच अडचणीवर बोट ठेवतो. एक शास्त्री येशूला विचारतो की आपला शेजारी कोण. प्रश्न व्याख्येचा आहे. कक्षा कोठे संपते हे त्याला जाणून घ्यावयाचे आहे. येशू व्याख्या देत नाही. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला याजक व लेवी टाळून जातात, आणि यहूदी लोक ज्याला तुच्छ मानीत तो शोमरोनी त्याची शुश्रूषा करतो, अशी कथा तो सांगतो. शेवटी तो प्रश्नच उलटवितो: ह्या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? ‘असणे’च्या जागी ‘होणे’ आले. शेजारी हा पत्त्यावरून ठरणारा माणूस राहिला नाही. जवळ जाण्याच्या कृतीने माणूस शेजारी होतो, असा अर्थ निष्पन्न झाला. दृष्टान्ताचा शेवटही आज्ञार्थातच आहे: जा आणि तसेच कर, असा त्याचा आशय आहे.

६. पाणी आणि पंगत

ही आज्ञा मराठी मुलखात कसोटीला लागली ती मुख्यतः दोन ठिकाणी: पाण्याच्या भांड्यापाशी आणि जेवणाच्या पंक्तीत. हे दोन्ही प्रश्न येथे मिशनऱ्यांनी प्रथम उपस्थित केले, असे मात्र समजू नये. औरंगाबादपासून जवळच असलेल्या पैठणच्या एकनाथांविषयी चरित्रपरंपरेने ज्या कथा जतन केल्या आहेत, त्यांत श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्याची, महाराच्या घरी जेवल्याची आणि काशीहून आणलेले गंगोदक तहानेल्या गाढवाला पाजल्याची कथा आहे. ह्या तिन्ही कथांचा विषय अन्न आणि पाणी हाच आहे. मुंबईत १८४९च्या सुमारास स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. ह्या सभेच्या धुरीणांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, ज्यांचे मराठीचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते. भाषेचे नियम शोधणाऱ्या माणसाला पंक्तीचे नियम मोडण्याची निकड भासावी, हे अर्थपूर्ण आहे. ती सभा गुप्त होती, हेही तितकेच अर्थपूर्ण आहे.

प्रारंभीच्या ख्रिस्ती मंडळीतही पंक्तीचा प्रश्न उद्भवला होता. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अंत्युखिया येथील प्रसंग येतो. पेत्र हा प्रमुख शिष्य तेथे परराष्ट्रीय विश्वासूंबरोबर जेवत असे. परंतु यरुशलेमहून काही माणसे येताच तो त्या पंक्तीतून अंग काढून घेऊ लागला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. महाराष्ट्रातील वाचकाला ह्या प्रसंगाचे स्पष्टीकरण करावे लागत नाही. याकोबाच्या पत्रातही सभेत श्रीमंताला मानाची जागा देणाऱ्या व गरिबाला उभे ठेवणाऱ्यांची कानउघाडणी केलेली असून, तीही शेजाऱ्यावरील प्रीतीच्या आज्ञेच्याच आधाराने केलेली आहे.

मराठवाड्यातील एक उदाहरण येथे नमूद केले पाहिजे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, परत जातीत घेण्यावरून मुंबईत जो वाद माजला त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतीची बाजू घेतल्याचे प्रसिद्ध आहे. नारायण शेषाद्री पुढे स्कॉटिश मिशनचे दीक्षित धर्मोपदेशक झाले आणि त्यांनी जालन्याच्या परिसरात काम केले. निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले, आणि तेथे प्रामुख्याने मांग व महार समाजांतून आलेली कुटुंबे राहू लागली. गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी नवे गाव वसविणे म्हणजे ‘शेजारी’ ह्या शब्दाची भूमीवरील व्याख्याच बदलणे होते.

गाव वसविता येते. मन मात्र एका दिवसात वसविता येत नाही. ह्याचे सर्वांत प्रांजळ चित्रण मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या, १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथात आढळते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. सनातन संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या तेव्हाही सोवळेओवळे, वेगळी चूल आणि वेगळे पाणी त्यांनी सोडले नव्हते. विटाळाची भीती टप्प्याटप्प्याने कशी गळून पडली, हे त्यांनी स्वतःच्याच हट्टांकडे मिस्किलपणे पाहत सांगितले आहे. १९००च्या सुमारास त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या घरात अनाथ मुलांना आसरा मिळत गेला. ह्या क्रमात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आधी मनात प्रेम दाटून आले व मग भांडी एक झाली असे घडले नाही. हात आधी बदलला. मन मागाहून आले. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर ‘करणे’ पुढे गेले आणि ‘वाटणे’ त्याच्या मागोमाग आले.

टिळकांनीही आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, ‘देवाचा दरबार’ ह्या बंधुसंघाची कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. बाप्तिस्म्याची रेषादेखील शेजारपणाच्या आड येऊ नये, असा त्यामागील विचार दिसतो.

७. उपकाराचा धोका

प्रीतीला कृतीच्या साच्यात बसविण्यात एक धोकाही आहे, आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ‘प्रीती करणे’ आणि ‘उपकार करणे’ ह्यांची रचना सारखीच आहे. दोन्हींत करणारा कर्ता असतो, आणि ज्याच्यावर करावयाचे तो ‘वर’ हे अव्यय घेऊन वाक्याच्या कडेला उभा राहतो. त्यामुळे प्रीती सहजच उपकाराच्या पातळीवर उतरू शकते. शाळा, दवाखाने, अनाथालये निघतात. देणारा देतो, घेणारा घेतो. पण दोघे एका पंक्तीत बसतातच असे नाही. ‘एकमेकांवर’ हे परस्परवाचक रूप योहानाच्या आज्ञेत येते ते ह्या धोक्यावरील उतारा म्हणूनच महत्त्वाचे आहे. परस्परवाचक वाक्यात कोणीही केवळ कर्ता नसतो आणि कोणीही केवळ विषय नसतो.

भारतीय ख्रिस्ती समाज ह्या कसोटीला कितपत उतरला, ह्याची कठोर चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचे निबंध त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले व पुढे त्यांच्या समग्र लेखनात समाविष्ट झाले. धर्मांतराने जात संपली नाही, चर्चमध्येही ती शिल्लक राहिली, आणि शिक्षण व शुश्रूषा ह्यांवर शक्ती खर्च करणाऱ्या मिशनांनी अन्यायाविरुद्ध अस्पृश्यांची बाजू पुरेशा ठामपणे घेतली नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय स्थापन करून मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा पाया घालणाऱ्या ह्या विचारवंताची ही टीका ख्रिस्ती आज्ञेच्या विरोधात नाही. ती आज्ञा पाळली गेली नाही, ह्याकडे ती लक्ष वेधते.

आंबेडकरांनी स्वतः जो शब्द पत्करला तो ‘मैत्री’ हा होय. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात प्रेमापेक्षा मैत्री व्यापक असल्याचे प्रतिपादन आहे, कारण ती सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. बौद्ध परंपरेतही मैत्री ही आपोआप उद्भवणारी वृत्ती मानलेली नाही. तिची भावना करावयाची असते, म्हणजे तिचा क्रमाक्रमाने अभ्यास करावयाचा असतो: प्रथम स्वतः, मग प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, आणि शेवटी शत्रू. शत्रूवरही प्रीती करण्याची जी शिकवण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे, तिच्याशी ह्या शेवटच्या पायरीचे साम्य उघड आहे. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान भिन्न असले, तरी परक्या माणसाविषयीची आपुलकी अभ्यासाने येते, ह्यावर त्यांचे एकमत आहे.

८. शिकण्याचा अर्थ

नव्या करारात येशूच्या अनुयायांसाठी जो ग्रीक शब्द येतो त्याचा वाच्यार्थ ‘शिकणारा’ असा आहे. मराठीत त्याचे भाषांतर ‘शिष्य’ असे झाले, व शिष्य म्हटले की गुरूच्या अधिकाराची कल्पना अधिक ठळकपणे मनात येते. मूळ शब्दाचा भर मात्र शिकण्यावर आहे. ज्याला अजून येत नाही, तोच शिकतो. ह्या दृष्टीने पाहता प्रीती हा अनुयायित्वाचा पुरावा नसून अभ्यासक्रम ठरतो.

औरंगाबादच्या कॅथॉलिक धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली झाली. त्याचे प्रधान मंदिर संत फ्रान्सिस द साल ह्यांच्या नावाचे आहे. ह्याच संताच्या नावाने स्थापन झालेल्या संघाचे फ्रेंच मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या भागातील खेड्यांत कामाला आले होते. फ्रान्सिस द साल ह्यांचा देवप्रीतीवरील फ्रेंच ग्रंथ १६१६ साली प्रकाशित झाला. त्याच वर्षी गोव्यात राशोल येथे फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. फ्रान्सिस द साल ह्यांचे स्नेही बिशप कामू ह्यांनी त्यांची एक शिकवण नोंदवून ठेवली आहे. तिचा आशय असा की, माणूस बोलून बोलण्यास शिकतो, अभ्यास करून अभ्यासास शिकतो, आणि प्रीतीही प्रीती करूनच शिकतो. तिला दुसरी वाट नाही.

भाषेच्या अभ्यासकाला ही तुलना विशेष पटण्याजोगी आहे. मूल व्याकरण पाठ करून मग बोलू लागत नाही. ते चुकतमाकत बोलते, ऐकणारे त्याला सांभाळून घेतात, आणि बोलता बोलता नियम त्याच्या अंगवळणी पडतात. परक्या माणसाची भाषा शिकताना तर आरंभी जीभ अडखळते, उच्चार कृत्रिम वाटतात, आणि आपण नाटक करीत आहोत असा संकोचही होतो. तो संकोच ढोंगाचा नसतो, शिकण्याचा असतो. न वाटणाऱ्या प्रीतीने दुसऱ्याच्या दाराशी जाणाऱ्याचा संकोचही त्याच जातीचा आहे.

ह्या सर्व विवेचनाचा निष्कर्ष मर्यादित आहे. मराठीच्या व्याकरणाने ख्रिस्ती प्रीती निर्माण केली नाही, आणि केवळ ‘करणे’ ह्या क्रियापदाने कोणाचे मन पालटले नाही. भाषा फक्त एक जागा मोकळी करून देते. आज्ञा कृतीची आहे, भावनेची नव्हे, हे तिने स्पष्ट केले. शेजारी कोण, हे मात्र तिने प्रत्येक पिढीवर सोपविले. अनेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सणासमारंभाच्या सामुदायिक जेवणाला ‘प्रीतिभोजन’ म्हणतात. ह्या समासाच्या पहिल्या पदाचा अर्थ शब्दकोशात शोधून पुरता सापडणार नाही. पंक्तीत कोण कोणाच्या शेजारी बसले आहे, हे पाहूनच तो ठरवावा लागेल.